फ्लॅटमधलं मांजर आणि गॅलरीची जाळी

समोरच्या छज्ज्यावर कबूतर उतरलं की कठड्यावरच्या मांजराकडे नीट बघा. कान पुढे येतात, जबडा थरथरतो, तोंडातून बारीक कटकट आवाज येतो, शेपटीचं टोक हलू लागतं आणि मागचे पाय जागच्या जागी सरकून पकड शोधतात. त्या क्षणी मांजराला सातवा मजला दिसत नसतो, फक्त कबूतर दिसत असतं. इतका उत्तम तोल असलेला प्राणी गॅलरीतून पडतो तो बहुतेक वेळा असाच.

दुसरा दोष कठड्याचा. झाडाच्या फांदीवर पाय घसरला तर मांजर नखांनी लोंबकळतं आणि स्वतःला वर ओढून घेतं. पॉलिश केलेली ग्रॅनाइटची पट्टी, रेलिंगचा गोल स्टील पाइप, काचेच्या रेलिंगची वरची कड, यांत नख रुतायला जागाच नसते. पावसाळ्यात या पट्टीवर शेवाळाचा पातळ थर धरतो, तेव्हा तर धावत येऊन कठड्यावर उडी मारणारं मांजर थेट पलीकडे जातं. म्हणून ‘आमचं मांजर चार वर्षं तिथेच बसतं, त्याला सवय आहे’ हा भरवसा धरू नका. चार वर्षं कबूतर योग्य जागी बसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘मांजर चार पायांवर पडतं’ याचा खरा अर्थ

हवेत वळून पाय खाली करण्याची कला मांजरात असते आणि पिल्लू दीडएक महिन्याचं होईतो ती पक्की होते. पण पायांवर पडणं आणि सुखरूप पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली, आणि हा आकडा तेव्हापासून सगळीकडे सांगितला जातो. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते: ही मांजरं दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचलेली होती. जी जागीच गेली, ती या हिशोबात फारशी आलीच नाहीत. शिवाय वाचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीला मार होता, टाळू फाटलेली होती, जबडा किंवा पाय मोडलेले होते. झाग्रेबमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ११९ मांजरांच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त मांजरं एक वर्षाच्या आतली होती. घरात पिल्लू आणायचं ठरलं असेल, तर जाळी आधी आणि पिल्लू नंतर.

पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. तेवढ्या उंचीवरूनही जबडा आणि पाय मोडतात, आणि न लागलेलं मांजर घाबरून पळालं तर कुत्री आणि रस्ता खालीच आहेत.

आधी घरभर फिरून फटी शोधा

गॅलरीला जाळी लावून लोक निर्धास्त होतात आणि मांजर बाथरूममधून जातं. बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीतली एखादी पट्टी नेहमी सैल असते. ती पंजाने बाजूला होते किंवा खालीच पडते, आणि पलीकडे डक्ट, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेली इमारतीची उभी पोकळी असते. डक्टमध्ये पडलेलं मांजर शोधणं आणि काढणं अतिशय अवघड जातं, कारण खाली पाइपांचं जाळं असतं आणि तळमजल्यावरचं दार बहुधा कुलूपबंद. ही खिडकी आतून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेल्या स्टीलच्या जाळीने बंद करा. चौकट स्क्रूने बसवा, म्हणजे काचा पुसायला काढता येईल. एक्झॉस्ट फॅन काढून ठेवलेलं भोक असेल, तर त्यालाही हेच. डक्टच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, हे आजच वॉचमनला विचारून ठेवा.

ड्राय बाल्कनी ही दुसरी दुर्लक्षित जागा. तिथे वॉशिंग मशिन नेमकं रेलिंगला चिकटून ठेवलेलं असतं, म्हणजे मांजराला पायरीच. खिडकीखालचं एसीचं बाहेरचं युनिट हाही मांजराला सरळ ओटा वाटतो. गॅलरीच्या कोपऱ्यातला पावसाचं पाणी जायचा पाइप दोन-तीन इंचांचा असेल, तर लहान पिल्लू त्यात शिरू शकतं. त्यावर स्टीलची छोटी जाळी बसवा आणि पाणी तुंबू नये म्हणून ती आठवड्याला साफ करा.

आता जमिनीवर बसून, मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवरून गॅलरी पाहा. स्टूल, कुंडी, बादली, पाण्याचा ड्रम, कपड्यांचा स्टँड: कठड्यापासून तीन-चार फुटांत असलेली प्रत्येक वस्तू ही पायरी आहे. जाळी लागेपर्यंत त्या हलवा आणि गॅलरीचं दार बंद ठेवा. ‘मी तिथेच उभा होतो’ याला इथे अर्थ नाही. मांजराची झेप तुमच्या हातापेक्षा कितीतरी वेगवान असते.

जाळी कोणती घ्यायची

कबुतरांसाठी लावतात ती साधी जाळी मांजरासाठी पुरी पडत नाही. कबूतर बाहेरून येऊन आपटतं आणि निघून जातं. मांजर आतून रोज तीच जागा ढकलतं, चावतं, तिच्यावर चढतं. त्यात कबुतराच्या जाळीचं भोक बहुधा ५ सेंमीचं असतं, आणि दोन महिन्यांचं पिल्लू त्यातून डोकं सहज बाहेर काढतं. डोकं गेलं की अंग जातं. न गेल्यास मान अडकते, आणि ते त्याहून वाईट.

भोक २.५ ते ३ सेंमीचं घ्या. माप दुकानदाराच्या सांगण्यावर सोडू नका, पट्टीने दोन शेजारच्या गाठींमधलं अंतर मोजा. काही जण जाळी ताणून, म्हणजे भोक चपटं करून माप सांगतात, ते याच्या दुप्पट भरतं. दोरा दीड मिमीच्या आसपास आणि गाठी मारलेला असावा. मासे पकडायच्या तंगूससारखा पारदर्शक एकेरी दोरा नको. तो दिसत नाही हे खरं, पण दातांपुढे टिकत नाही. रंग काळा घ्या. काळी जाळी दोन्ही बाजूंनी कमी नजरेत येते, आणि काळ्या एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) दोऱ्यात मिसळलेल्या कार्बनमुळे तो उन्हात जास्त टिकतो.

तुमचं मांजर दोऱ्या, चार्जरच्या वायरी, बुटांच्या नाड्या चावत असेल, तर कोणतीही दोऱ्याची जाळी एकटी पुरणार नाही. खालचा साडेतीन-चार फुटांचा भाग पाऊण ते एक इंच चौकोनाच्या आणि साधारण २ मिमी तारेच्या वेल्डमेशने (तारा जोडून केलेल्या धातूच्या जाळीने) करा, आणि त्यावर छतापर्यंत नायलॉनची किंवा एचडीपीईची जाळी. चावण्याचं काम मांजर बसून करतं, त्यामुळे खालचा भाग धातूचा असला की बराच प्रश्न सुटतो.

सध्या नव्या टॉवरमध्ये लोकप्रिय असलेल्या इनव्हिजिबल ग्रिलबद्दल स्पष्ट सांगायला हवं: दोन-तीन इंचांवर उभ्या ताणलेल्या त्या तारा माणसांच्या मुलांसाठी आहेत. तार बाजूला वाकते, मांजर डोकं घालून फट रुंदावतं. पिल्लू तर न वाकवताच जातं. ते ग्रिल आधीच बसवलेलं असेल तर राहू द्या, पण आतल्या बाजूने पूर्ण उंचीची जाळी लावा.

समुद्राजवळ राहत असाल तर तारा आणि हूक ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्या. मुंबईत किंवा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड हूक लवकर गंजतात, आणि ३०४ स्टीलवरही तपकिरी डाग पडून खड्डे धरतात. पुण्या-नाशकात ३०४ पुरतं.

बसवायची कशी

जाळी भोकातून फसत नाही, कडेने फसते. म्हणून निम्मा वेळ आणि निम्मे पैसे कडांसाठी ठेवा.

उदाहरणादाखल दोन्ही बाजूंना भिंती असलेली, ३ मीटर रुंदीची गॅलरी घेऊ. फरशीपासून वरच्या बीमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची २.४ मीटर. जाळी अर्ध्या उंचीची लावू नका. कठड्यावरून चार फूट वर जाळी नेऊन मध्येच सोडली, तर मांजर तिलाच शिडी करून वर चढतं आणि आता ते अजून उंचावर असतं. फरशी ते बीम, पूर्ण बंद. जाळीचा तुकडा ३.३ बाय २.७ मीटरचा घ्या, म्हणजे कडेला दोन भोकं दुमडून दुहेरी करता येतील.

हूक वर आणि दोन्ही भिंतींवर, दर ३० सेंमीवर. एकूण लांबी ७.८ मीटर, म्हणजे सुमारे २७ हूक, तीस आणा. हूक पूर्ण बंद गोल डोळ्याचे हवेत. कबुतराच्या जाळ्या लावणारे बरेचदा उघडे आकडे ठोकतात आणि त्यांत दोरी अडकवतात. मांजराने आतून पंजाने दोरी वर ढकलली की ती आकड्यातून सुटते, आणि तुम्हाला दिवसभर कळतही नाही.

भोक पाडताना बाहेरच्या प्लास्टरची जाडी लक्षात ठेवा. ती दीड-दोन सेंमी असते. तीन सेंमीचा छोटा प्लग (भोकात हूक घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी) लावला तर त्याचा अर्ध्याहून जास्त भाग नुसत्या प्लास्टरमध्ये राहतो, आणि चार किलोचं मांजर धावत येऊन झेपावलं की हूक पांढऱ्या भुकटीसकट बाहेर येतो. ८ मिमीच्या बिटने ६ सेंमी खोल भोक करा, फुंकून किंवा पंपाने भुकटी काढा आणि रावल प्लग प्लास्टरच्या पलीकडे विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसेपर्यंत आत ठोका. बीममध्ये सळई लागली तर जोर लावू नका, दोन-तीन सेंमी सरका. बीमच्या कडेपासून चार सेंमीच्या आत भोक नको, कड फुटते. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ड्रिल हॅमरवर न ठेवता साध्या गतीने चालवा. तिथे साधा प्लग गोल फिरत राहतो, म्हणून त्या ब्लॉकसाठी मिळणारा लांब, रुंद पंखांचा प्लग वापरा. प्रत्येक हूक बसवल्यावर पक्कड अडकवून जोरात ओढून पाहा. जो हलतो तो काढा आणि शेजारी नवं भोक पाडा.

फरशीला मात्र भोक पाडू नका. गॅलरीच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंग असतं, आणि वीस भोकांतून पावसाचं पाणी खालच्या फ्लॅटच्या छतात उतरतं. खालची कड रेलिंगच्या सर्वांत खालच्या आडव्या पाइपला बांधा. तो पाइप फरशीपासून फार वर असेल, तर दोन भिंतींच्या मध्ये फरशीपासून दोन सेंमीवर एक इंची स्टीलचा पाइप भिंतींना क्लॅम्प मारून बसवून घ्या. खाली पाण्याला वाट राहते आणि मांजराला राहत नाही.

मग सगळ्या हुकांमधून ३ मिमीची स्टीलची वायरदोरी ओवा, एक टोक क्लॅम्पने बंद करा, दुसऱ्या टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) लावून तार ताणा. बोटाने दाबल्यावर ती एखाद सेंमीपेक्षा जास्त वाकू नये. जाळी वरच्या मध्यापासून टांगायला सुरुवात करा आणि दोन्ही कोपऱ्यांकडे जा, म्हणजे झोळ पडत नाही. त्यानंतर जाळीच्याच जातीच्या दोऱ्याने प्रत्येक भोक तारेला शिवा, आणि दर तिसऱ्या भोकाला पक्की गाठ मारा. एकसलग शिवण घातली आणि एका जागी दोरा तुटला तर पूर्ण बाजू उसवते. गाठी असतील तर फक्त तीन भोकं सुटतात.

खालच्या पाइपला काळे, उन्हात टिकणारे केबल टाय दर १५ सेंमीवर लावा. पांढरे टाय घेऊ नका. ऊन खाऊन ते ठिसूळ होतात आणि एक दिवस टचकन तुटतात. टायचं उरलेलं शेपूट मुळापासून कापा आणि कानशीने घासा, नाहीतर मांजराच्या डोळ्याला लागेल.

झाल्यावर कडेने दोन बोटं सरकवत सगळीकडे फिरा. दोन बोटांपेक्षा जास्त फट कुठेही राहता कामा नये, विशेषतः चारही कोपऱ्यांत आणि भिंत थोडी आत-बाहेर असेल तिथे. मग पाच लिटरची भरलेली बाटली कमरेच्या उंचीवरून जाळीवर टेकवून जोर द्या. जाळी ताणली जाईल. हूक, तार आणि शिवण जागची हलता कामा नये.

हे सगळं गॅलरीत उभं राहून, रेलिंगच्या आतून करता येतं. बाहेर झुकावं लागणार असेल, तर ते काम स्वतः करू नका. सेफ्टी बेल्ट आणि दोर वापरणाऱ्या माणसांनाच बोलावा आणि त्यांनी तो खरंच बांधलाय ना, हे बघा. काम चालू असताना मांजर पाणी आणि मातीचा ट्रे देऊन आतल्या खोलीत, दाराला चिठ्ठी लावून.

भाड्याच्या घरात भोकं पाडायची परवानगी नसेल तर दोन बाय एक इंची लाकडी पट्ट्यांची चौकट करून तीवर वेल्डमेश ठोका, आणि छत-फरशीच्या मध्ये स्क्रूने घट्ट बसणाऱ्या उभ्या दांड्यांना ती बांधा. घर सोडताना घेऊन जाता येते. सोसायटीला कामाच्या आधी लेखी पत्र द्या: जाळी रेलिंगच्या आत आहे, काळी आहे, भिंतीच्या बाहेर काहीही येत नाही. बहुतेक वाद बाहेर काढलेल्या लोखंडी बॉक्स ग्रिलवरून होतात. तसं ग्रिल असलंच, तर त्यात माणूस जाईल एवढी उघडणारी खिडकी असायलाच हवी, आणि तिची किल्ली शेजारीच टांगलेली. आग लागली तर दोऱ्याची जाळी कात्रीने कापता येते, लोखंड कापता येत नाही.

खिडक्या

स्लायडिंग खिडकीचं मच्छर जाळीचं शटर मांजर पंजाने सरकवतं, हे बहुतेकांना मांजर बाहेर गेल्यावरच कळतं. शटरला आतून कडी किंवा ट्रॅकमध्ये अडवणारा खटका लावा आणि फायबरची जाळी काढून स्टीलची बसवून घ्या. वरून आत झुकणाऱ्या यूपीव्हीसीच्या खिडक्या आता आपल्याकडेही येऊ लागल्यात. जर्मनीत राहणाऱ्यांच्या तर घरोघरी त्याच असतात. त्या झुकलेल्या स्थितीत बाजूला उलटी निमुळती फट तयार होते. वरून जायला निघालेलं मांजर त्यात पोटाशी अडकतं, सुटायला धडपडतं तसं आणखी खाली रुततं, आणि काही वेळात मागच्या पायांचा रक्तपुरवठा तुटतो. मांजर असलेल्या घरात ही खिडकी झुकवून ठेवायची नाही, किंवा बाजूच्या फटीला जाळी हवी.

बंद गॅलरीतले धोके

जाळी लागली की मांजर तासन्‌तास गॅलरीत राहणार, म्हणून तिथली झाडं बघा. लिलीचा परागही अंगावरून चाटला गेला तर मूत्रपिंडं निकामी होतात. कण्हेर आणि सायकस जीवघेणी आहेत. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया तोंड भाजून काढतात. एरिका पामचं भय नाही, आणि कुंडीत मूठभर गहू पेरले तर आठवड्याभरात मांजराला चघळायला हक्काचं गवत मिळतं. कबुतरं हाकलायचं चिकट जेल कठड्यावर लावू नका, ते केसांना चिकटतं आणि चाटून पोटात जातं. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत फरशी पाय भाजेल इतकी तापते, तेव्हा दुपारी दार आत यायला उघडं असलंच पाहिजे.

जाळी लागल्यानंतर

चांगली बसवलेली जाळीही माणसांच्या हातून उघडी राहते. एसीवाला युनिट काढायला एक कोपरा सोडतो, रंगारी दोन हूक काढतो, नवीन मावशी काचा पुसायला शटर सरकवते. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. खिडकीवर आणि दारावर मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत ‘घरात मांजर आहे, जाळी सोडू नये’ असं लिहून चिकटवा, आणि कुणीही काम करून गेलं की त्याच दिवशी कड हाताने तपासा.

वर्षातून दोनदा पूर्ण तपासणी करा: मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि दिवाळीच्या आधी. दोरा बोटांत घेऊन पीळ द्या. पांढरी पूड निघाली किंवा तंतू सुटले, तर उन्हाने तो मेलाय. जाळी बदला, ठिगळ लावू नका. टर्नबकल पुन्हा ताणा.

दिवाळीत, विसर्जनाच्या ढोल-ताशात, ३१ डिसेंबरच्या रात्री घाबरलेलं मांजर समोर दिसेल त्या दिशेने उधळतं. त्या रात्री जाळी असली तरी गॅलरीचं दार बंद. आणि पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर नसबंदी करून घ्या. माजावर आलेली मांजरी किंवा तिच्या आवाजामागे निघालेला बोका जाळीच्या एकेका गाठीची परीक्षा घेतो.

पडलंच तर

आधी खाली पळा, पण हाका मारत गोंधळ करू नका. पडलेलं मांजर जवळच्या अंधाऱ्या जागी शिरतं: गाड्यांखाली, मीटर रूममध्ये, पंपाच्या मागे, गटाराच्या कडेला. टॉर्च आपल्या डोळ्यांच्या पातळीवर धरून उजेड जमिनीलगत फिरवा, मांजराचे डोळे चमकतात. पहिल्या फेरीत सापडलं नाही तर रात्री एक-दोनच्या शांततेत पुन्हा जा.

सापडल्यावर मानेला धरून उचलू नका. ताट, ट्रे किंवा पुठ्ठा अंगाखाली सरकवा, टॉवेलने सैल झाका आणि तसंच खोक्यात ठेवा. चालतंय, रक्त नाही, म्हणून घरी थांबू नका. छातीत हवा साठली असेल तर तास-दोन तासांनी श्वास लागतो. तोंड उघडून श्वास, बसल्या जागी मिनिटाला ४० पेक्षा जास्त श्वास, फिकट किंवा निळसर हिरड्या, यांतलं काहीही दिसलं तर एक मिनिटही दवडू नका. तोंडात पाणी, दूध, हळद काही घालू नका, जबडा मोडलेला असू शकतो. पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच नाही. माणसाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते.

रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधून नंबर फ्रिजवर लावा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतंच, पण रात्री दोनला दारं उघडी असतात का, हे तिथेही आधी फोन करून विचारून ठेवा. डॉक्टरांना किती मजल्यांवरून आणि कशावर पडलं ते सांगा: फरशी, माती, गाडीचं टप की झाड. छातीचा एक्स-रे आणि टाळूची तपासणी स्वतः आठवण करून मागा. घरी आणल्यावर पुढचे २४ तास ट्रेमध्ये लघवी होते का, हे बघत राहा. मूत्राशय फुटलेलं मांजर पहिल्या दिवशी बरं दिसू शकतं, म्हणून ट्रे कोरडा राहिला तर सकाळची वाट न पाहता परत दवाखान्यात न्या.